एका लिटरचाही फरक नाही

१२ एप्रिल

सेठच्या वकिलानं आज संध्याकाळी फर्मावलं, "नत्थुजी, रोज कोण आलं, काय बोललं, ते लिहून ठेवा. पुढे कामात येईल." म्हणून ही डायरी. ऑइलवाल्यांची भेट. सेठला दरवर्षी वीस येतात, त्यातली उरलेली एक मला, तीही एप्रिलात. वकिलासाठी मी वेगळ्या वहीत सभ्य भाषेत लिहिणार आहे. ही माझी आहे.

भानगड अशी. वरूडहून बाहेर पडलं की खुशालराव सेठचा पेट्रोल पंप लागतो. त्याचा मी मॅनेजर, बावीस वर्षांपासून. पंपामागे, कुंपणाला लागून, अब्दुल सत्तारची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे आणि नर्सरीत त्याची विहीर. रोज सकाळी सातला मी त्या विहिरीवर बसून त्याच्या हातचा चहा पितो. आज त्यानं कप पुढे केला आणि म्हणाला, "नत्थू, पेऊ नको, वास घेऊन पाय."

मी घेतला. म्हटलं, "आद्रक जास्त झालं."

"लेका, पेट्रोल आहे ते! आठ दिवसांपासून हिरीच्या पान्याले वास येऊन राहिला. मी काल तहसीलात अर्ज देला. तुह्या नावानं नाई देला, पंपाच्या नावानं देला."

म्हणजे उपकारच केले! बावीस वर्षांत पंप वेगळा आणि नत्थू वेगळा असं कोणी म्हटलं नव्हतं. मी कप तसाच ठेवून उठून आलो. दिवसभर डोकं दुखलं.

१३ एप्रिल

रुख्मिणीला सांगितलं की सत्तारला पाण्यात पेट्रोलचा वास येतो. बायको म्हणाली, "तुमच्या अंगाले बावीस वर्षांपासून येऊन राहिला. मी कुठी अर्ज केला का?"

तिच्याशी बोलून काही उपयोग नाही. पण एक गोष्ट इथे लिहून ठेवतो. आमच्या पंपावर रोज सकाळी सहाला डिप होतो. डिप म्हणजे भुईखालच्या टाकीत मोजकाठी सोडायची, किती सेंटिमीटर भिजली ते पाहायचं, आणि रजिस्टरात लिहायचं. टाकी गळत असेल तर त्या रजिस्टरात दिसल्याशिवाय राहत नाही. आणि माझं रजिस्टर? कालचा साठा वजा कालची विक्री, बरोब्बर आजचा डिप. मागच्या चार वर्षांत एका लिटरचाही फरक नाही! सेठ पाहुण्यांना दाखवतात. एकदा कंपनीच्या साहेबानंही पाठ थोपटली होती.

मग सत्तारच्या विहिरीत पेट्रोल आकाशातून पडलं काय?

१७ एप्रिल

गावात आता नवीनच. म्हणे वरूडच्या भुईत तेल सापडलं! एक पुढारी परवा विहिरीवर येऊन, काठावर उभा राहून, फोटो काढून गेला. वरूडचं दुबई होणार, असं त्यानं फोटोखाली लिहिलं. लोक बाटल्या, डबे, एक जण तर अंघोळीची बादली घेऊन आला. सत्तारची सून नईमा दारात उभी राहून एकेकाला हाकलत होती. कडाकपुऱ्यातल्या पिंटूनं लिटरभर पाणी मोपेडमध्ये घातलं. मोपेड चौकापर्यंत गेली, ती अजून चौकातच आहे.

दुपारी कोणीतरी शहाणपणा करून पेटता कागद विहिरीत टाकला. भप्पकन जाळ वर आला. टाकणाऱ्याच्या भुवया गेल्या. तो आता गावभर बिनभुवयांचा हिंडतो आणि मीच शोध लावला म्हणून सांगतो.

मी कुंपणाच्या अलीकडून पाहिलं. सत्तारही पलीकडून पाहत होता.

२२ एप्रिल

पाहणी झाली. दोन गाड्या, सहा माणसं, एक छत्री. विहिरीतून बादली काढली आणि सगळ्यांनी आळीपाळीनं वास घेतला. पहिल्याला आला. दुसऱ्याला पहिल्याचा चेहरा पाहून आला. तिसरे सगळ्यांत मोठे साहेब, त्यांना सर्दी होती, त्यांना आला नाही. मग पहिल्या दोघांनी पुन्हा वास घेतला, तर त्यांनाही येईना.

नमुना न्यायला बाटली आणली नव्हती. आमच्याच पंपावरच्या फ्रिजमधून थंड्याची बाटली घेतली, साहेबांनी ती पिऊन रिकामी केली, आणि तीत पाणी भरून लाख लावून नेली. मला वाटलं, बोलावं, की बाटली धुवा. पण मी कशाला बोलू? मी कोणाच्या बाजूचा आहे?

५ मे

अहवाल आला. पाण्यात साखरेचे अंश सापडले.

सेठ हसून हसून खोकले. वकिलानं त्याच्या तीन प्रती काढल्या. मीही हसलो. मग पाणी प्यायला मागच्या खोलीत गेलो, तिथल्या खिडकीतून नर्सरी दिसते.

आठ हजार कलमं आहेत सत्तारची. खुंटावर एकेक डोळा त्यानं आणि नईमानं हातानं बांधलेला आहे. जुलैत विकायची. वर्षाची भाकर तेवढीच. विहिरीकडच्या चार वाफ्यांतली पानं निरा पिवळी पडली आहेत. नईमाच्या हातांवर पुरळ उठलं म्हणून ती ओढणीत हात गुंडाळून फिरते. प्यायला पाणी सायकलवर कॅनमधून आणतात. मला वाईट वाटलं. लिहायला काय लाज, खूप वाईट वाटलं.

म्हणून मी स्वतःहून कुंपणापाशी गेलो. म्हटलं, "सत्तारभाई, तुझं डिझेल इंजिन पाहून घे. त्यातूनच गळत असेल."

तो म्हणाला, "इंजिन इकून सहा वर्षं झाले, नत्थू. मोटर आहे. तू रोज तिच्यावरच टॉवेल वाळू घालतं."

९ मे

सेठच्या डोक्यात आलं की भुईतल्या पाण्याचा झिरा भलतीकडून येतो हे सिद्ध करावं. त्यासाठी कोण? पुंजाराम पाणाड्या! तळहातावर नारळ आडवा ठेवून चालायचं, खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो. या भागातल्या निम्म्या बोअर त्याच्या नारळानं पाडल्या आहेत. त्यातल्या निम्म्या कोरड्या गेल्या, त्या आपण मोजत नाही.

सेठनं त्याला नीट समजावलं की झिरा रस्त्यापलीकडून यायला पाहिजे. पुंजाराम हो जी, हो जी म्हणाला, डोळे मिटून चालू लागला, आणि बरोब्बर आमच्या पेट्रोलच्या टाकीवर नारळ उभा राहिला.

"इथून निंगते जी. थेट सत्तारभाईच्या हिरीत जाते."

सेठ म्हणाले, "नारळ खराब आहे. दुसरा आणा."

दुसराही तिथेच उभा राहिला. पुंजाराम हात जोडून म्हणाला, "मी काय करू जी, मी तं डोये मिटले होते." दोन्ही नारळ फोडून पंपावरच्या पोरांना वाटले. खराब नव्हते.

१४ मे

अमरावतीहून दामिनी मॅडम आल्या. भूजलाच्या अभ्यासक आहेत. सत्तारनं दुसरा अर्ज थेट वरती केला, त्यावरून. वय तिशीचं. पायात बूट, डोक्याला रुमाल, बरोबर पुरुषभर लांबीचं गिरमिट. बेचाळीस डिग्रीत बाई काळ्या मातीत भोकं पाडत होती! दर दोन फुटांना माती काढायची, बरणीत बंद करायची, बरणीवर नाव लिहायचं, झाकणाच्या भोकात एक यंत्र धरायचं. यंत्र किंकाळी मारायचं. रस्त्याकडच्या भोकाला यंत्र गप्प. नर्सरीच्या टोकाला गप्प. टाकी आणि विहीर यांच्यामधल्या तिन्ही भोकांना बोंब.

मी म्हटलं, यंत्र नवीन दिसतं, सवय नसेल.

मग त्यांनी विहिरीत एक पारदर्शक नळी सोडली आणि वर काढली. खाली पाणी, वर दोन बोटं पिवळसर थर, मध्ये रेघ. "काका, पेट्रोल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं. तुमची ही काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते. भुईतली टाकी चिरली की भेगांतून सरळ खाली. फार दिवसांपासून चालू असणार. वर्ष, दोन वर्षं."

"शक्यच नाही," मी म्हणालो. "रजिस्टरात दिसलं असतं."

"दाखवाल मला उद्या-परवा?"

दाखवाल म्हणजे काय! मी तर वाटच पाहत होतो.

१६ मे

आजचा दिवस माझा होता. चार वर्षांची रजिस्टरं टेबलावर मांडली. मॅडमनी पान न् पान उलटलं आणि प्रत्येकाचा फोटो काढला. माझ्या अक्षराची एवढी कदर आजवर कोणी केली नव्हती.

"काका, एका लिटरचाही फरक नाही?"

"नाही जी!"

"पेट्रोल उन्हाळ्यात फुगतं, हिवाळ्यात आकसतं. थोडं उडतंही. रोज चार-दोन लिटर इकडे-तिकडे होतातच."

"बाकीच्यांकडे होत असतील," मी म्हणालो. "आमच्याकडे नाही होत."

मग त्यांनी मोजकाठी मागितली. ती ऑफिसच्या कोपऱ्यात उभी असते, पितळेची, सेठच्या वडिलांच्या काळची. चार वर्षांपूर्वी कंपनीनं आपोआप मोजणारा स्क्रीन बसवला, म्हणून त्या दसऱ्याला सेठच्या आईनं काठीची पूजा केली आणि तिला मानानं कोपऱ्यात ठेवलं. पंधरा दिवसांत, परतीच्या पावसात, वीज पडून स्क्रीन काळा झाला. कंपनीला कळवलं आहे, तक्रार क्रमांक माझ्याकडे आहे. काठीची पूजा मात्र दर दसऱ्याला होते. मी मॅडमना कौतुकानं दाखवलं, अगदी खालच्या टोकाला, चारही दसऱ्यांचं हळदकुंकू कसं थरावर थर बसलं आहे.

मॅडमनी नखानं जरा खरवडून पाहिलं. "काका, पेट्रोलात कुंकू टिकतं का?"

म्हटलं, "अस्सल आहे. अंबादेवीचं."

त्यांनी काठीचेही चार फोटो काढले. गाडीत बसेपर्यंत काही बोलल्या नाहीत. बाई प्रभावित झाली असं माझं मत आहे.

१७ मे

हा किस्सा रुख्मिणीला सांगितला. मला वाटलं हसेल. भाकर थापता थापता तिचा हात थांबला.

"म्हंजे काठी टाकीत गेलीच नाई?"

मी समजावलं. कालच्यातून विक्री वजा केली की आकडा येतो, त्याला काठी कशाला लागते? बावीस वर्षांचा अनुभव आहे. डोक्यातच डिप असतो.

"मंग गळलेलं तुमच्या डोक्यात कसं येईन?"

मी ताटावरून उठलो. बायकांना धंद्यातलं कळत नाही.

१८ मे

झोप नाही. खरं लिहितो. ही डायरी वकिलाची नाही.

स्क्रीन बंद पडला त्या दिवशी मी काठी घेतली होती हातात. टाकीचं झाकण जड, खाली वाकायचं, आणि माझा गुडघा त्या आठवड्यात ठणकत होता. म्हटलं आजच्या दिवस वजाबाकी करून लिहू. लिहिलं. दुसऱ्या दिवशीही जमलं. आठवड्यानं वाटलं, एवढं जमतं तर वाकायचं कशाला? आणि काठीला कुंकू होतं, ते पुसायलाही नको वाटलं.

तीन वेळा असं झालं की रजिस्टरात सहाशे लिटर आणि नळी हवा ओढते. तिन्ही वेळा मी सेठला सांगितलं की टँकर कमी आला. तसं लिहूनही टाकलं. तिसऱ्या वेळी सेठनं ओरडा करून टँकरचा ड्रायव्हर श्याम याला चोर म्हणून कामावरून काढायला लावलं. माझ्यासमोर रडला होता तो. मोर्शीला स्टँडजवळ रसवंती लावली आहे, असं ऐकलं. मी त्या बाजूनं जात नाही.

२३ मे

सेठ आणि वकील दोघंही ऑफिसात. वकिलानं जबानी टाइप करूनच आणली: "मी रोज सकाळी सहा वाजता स्वहस्ते मोजकाठीने डिप घेतला आहे." बुधवारी सुनावणी, तिथे फक्त सही करायची. सही झाली की रजिस्टर खरं, रजिस्टर खरं की टाकी ठीक, टाकी ठीक की सत्तारची तक्रार फेटाळली.

"आणि हे कुंकू धुऊन टाका," सेठ म्हणाले.

तेवढ्यात सेठची आई आत आली. "खबरदार! पुजलेल्या काठीचं कुंकू पुसतेत का कोनी? घरातली लक्ष्मी घालवता का रे?" ऐंशी वर्षांच्या बाईपुढे दोघांचं काही चाललं नाही. काठी कुंकवासकट कोपऱ्यातच राहिली. मग काठी कोणाला दाखवायचीच नाही असं ठरलं.

जाताना सेठ खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नत्थुजी, तुमच्या शब्दावर आहे सगळं." बावीस वर्षांत पहिल्यांदा हात ठेवला.

२८ मे

सुनावणी. मॅडमनी मातीच्या बरण्या मांडल्या, नळीचे फोटो दाखवले. वकील म्हणाला, पेट्रोल असेल, पण आमचंच कशावरून? रस्त्यावर कितीक टँकर उलटतात. आमचं रजिस्टर पाहा. मॅडम म्हणाल्या, हेच तर रजिस्टर पाहा, इतकं खरं रजिस्टर खोटंच असतं. सुनावणी घेणाऱ्या साहेबांना ते काही पटलं नाही. जुळतं ते रजिस्टर खोटं कसं, म्हणाले.

मग त्यांनी सत्तारला विचारलं, तुमचं रजिस्टराबद्दल काय म्हणणं आहे?

सत्तार उठला. इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी. म्हणाला, "साहेब, मॅडम शिकलेल्या आहेत, पण नत्थूच्या लिहिण्यावर शक नोका घेऊ. तीस वर्षांपासून मी त्याले ओयखतो. सकायी सातले चहाले येते, हात पेट्रोलचे असते त्याचे. तो खोटा आकडा लिहिनार नाई. त्याचं रजिस्टर खरं असन तं मंग माहीच तक्रार चुकीची, असं लिहा. मी दुसरीकून शोधतो."

सेठच्या ओठावर हसू आलं. वकिलानं जबानी माझ्यापुढे सरकवली, पेनाचं टोपण काढून दिलं. अशी चूक जगात दुसरा कोणी करेल काय? स्वतःची आठ हजार कलमं माझ्या शब्दावर लावून मोकळा झाला बयताड! मला त्याचा इतका राग आला, की मी उभाच राहिलो.

"साहेब, काठी टाकीत गेली नाही. चार वर्षं. कुंकू आहे तिला, टोकापर्यंत. मागवून पाहा."

"मग हे आकडे?"

"मनातले."

कारकुनानं विचारलं, मनातले कसं लिहू? मागे कोणीतरी हसलं. मी श्यामचंही सांगून टाकलं. सेठ माझ्याकडे असे पाहत होते, जणू मी त्यांच्या घरात घुसलेला माणूस आहे. सत्तारनं मात्र माझ्याकडे पाहिलंच नाही. खाली बसला, टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

हुकूम झाला. पंप बंद, विक्री बंद. आठ दिवस रोज सकाळी सहाला डिप, मॅनेजरनं स्वतः घ्यायचा, तक्रारदारासमोर.

२९ मे

सेठ म्हणाले, "आठ दिवस डिप घ्या अन् घरी बसा." सेठची आई म्हणाली ते मी लिहीत नाही.

फडक्यावर जरासं पेट्रोल घेतलं आणि काठीचं टोक पुसलं. एकाच पुसण्यात चारही दसरे निघून गेले. खरवडावंही लागलं नाही.

सहाला सत्तार आला, मॅडमनी पाठवलेला एक माणूसही. मी झाकण उचललं, गुडघा टेकला, काठी सोडली. एकशे बारा पूर्णांक चार. आकडा मॅडमच्या माणसानं लिहिला, कारण पहिलाच दिवस होता. सातला मी सवयीनं कुंपणापर्यंत गेलो. विहिरीवर चूल पेटलेली नव्हती.

३० मे

रात्रभर पंपाला कुलूप. एक थेंब विकला नाही. सहाला काठी सोडली, एकशे अकरा पूर्णांक एक. मॅडमचा माणूस म्हणाला, एवढं तर डोळ्यांनी दिसतं. म्हणजे एवढे दिवस रोज दिसलं असतं.

मी रजिस्टर ओढलं, पेन उघडलं. सत्तारनं हात पुढे केला.

"पेन दे. मी लिवतो."

"आकडा सांगतो ना," मी म्हटलं. "एकशे अकरा..."

"काठी दे आंदी."

त्यानं काठी माझ्या हातातून घेतली, उजेडाकडे धरली, ओल कुठवर आहे ते बोट लावून पाहिलं. मग खाली बसून आकडा लिहिला.